कापसाचा किल्ला

पासपोर्टसाठी नांदेडला गेलो तेव्हा अक्कांच्या बोटांचे ठसे मशीन घेईना. समोरच्या मुलीने हात धुऊन यायला सांगितलं. अक्का धुऊन आल्या, पुन्हा काचेवर बोटं टेकवली, पुन्हा तेच. खुरपणी, भांडी, राख, कापूस यांत रेषाच झिजून गेलेल्या. शेवटी त्या मुलीने उठून त्यांचं एकेक बोट आपल्या हाताने काचेवर दाबून धरलं, तेव्हा कुठे उमटले. बाहेर आल्यावर अक्का मला म्हणाल्या, "म्हंजे मी चोरी केली तरी सापडायची न्हाई."

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं घर जवळा बाजाराजवळच्या एका खेड्यात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि नोकरीची बरीच वर्षं सेनगाव तालुक्यात काढली. सोमवारी पहाटे निघायचं, तालुक्यातल्या गोरेगावपर्यंत जीपने, पुढे मिळेल त्या वाहनाने. आठवडाभर तिकडेच एक खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी घरी परतायचं. माझी लेक तेवढे दिवस अक्कांजवळ असायची. ती मला आई म्हणते आणि त्यांना माय. यातला माय हा शब्द ती आधी शिकली.

पुढे लेक शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आणि तिच्या कंपनीने तिला तुर्कस्तानात इझमीर नावाच्या शहरी पाठवलं. तिथे बस्तान बसल्यावर तिने आम्हा दोघींना बोलावलं. तिच्या बाबांनाही बोलावलं होतं, पण त्यांना सोयाबीनची काढणी सोडून हलायचं नव्हतं आणि विमानाची हौसही नव्हती. मी तयार झाले. अक्का मात्र म्हणाल्या, "मी काहून येऊ? कापूस फुटून राहिला. आन् मला तिथं कळंल काय?"

अक्कांचे यजमान, आमचे भाऊजी, जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून अक्का शेत आणि घर यांच्यापलीकडे कुठे गेल्या नव्हत्या. लेकीने व्हिडिओ कॉलवर त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, माय येणार नसेल तर आईनेही येऊ नये. त्यावर अक्कांचा इलाज चालला नाही. कापूस त्यांच्या सुनेवर आणि मुलावर सोपवून त्या निघाल्या. सगळ्या प्रवासात त्यांनी दोनच गोष्टींची काळजी केली, धपाट्यांच्या डब्याची आणि कापसाची.

मला सांगायचा आहे तो एकच दिवस. लेकीने आमच्यासाठी एक खास सहल ठरवली होती. गर्दीच्या बसमध्ये नको म्हणून वेगळी गाडी, आणि माहिती सांगायला एक गाईडबाई, जी गाडीही स्वतःच चालवणार होती. जायचं होतं पामुक्कालेला. तिथे डोंगराच्या उतारावर गरम पाण्याचे पांढरे टप्पे आहेत आणि वर एका जुन्या शहराचे अवशेष. लेक बरोबर येणार होती. पण निघायच्या सकाळीच तिच्या ऑफिसातून फोन आला, काहीतरी बंद पडलं होतं आणि तिला जाणं भाग होतं. ती रडवेली झाली. सहल रद्द करू, म्हणाली. मलाही तेच बरं वाटलं. माझं इंग्रजी शाळेतल्या पाठ्यपुस्तकापुरतं. परक्या बाईबरोबर दिवसभर कसं निभवायचं?

अक्का तोपर्यंत बूट घालून दारात उभ्या होत्या. लेकीनेच घेऊन दिलेले खेळाचे बूट, त्यावर नेहमीचं सुती लुगडं, डोक्यावर पदर. त्या म्हणाल्या, "धपाटे बांधले. चला."

गाईडबाई चाळिशीच्या, उंच, केस कापलेले, कानशिलाशी पिकलेले. बोलणं अदबशीर पण पाठ केल्यासारखं. गाडी शहराबाहेर पडल्यापासून त्या इतिहास सांगत होत्या, कोणता राजा, कोणता भूकंप. मला निम्मं कळत होतं. त्यातलं निम्मं मी अक्कांना सांगत होते. अक्का खिडकीबाहेर पाहत होत्या. तासा-दीड तासाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट रानं लागली आणि अक्का एकदम सरळ बसल्या.

"कापूस हाय," त्या म्हणाल्या.

होताच. आपल्यापेक्षा बुटका, दाट, पण फुटलेला. काही रानांतून मोठी यंत्रं फिरत होती. अक्कांनी गाडी थांबवायला सांगितली. सबंध परदेशवारीत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी चाचरत गाईडबाईंना सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. ऊन वाढायच्या आत पोचायला हवं, म्हणाल्या, येताना थांबू. मग आरशातून अक्कांकडे पाहून त्यांनी विचारलं, यांना कापसाचं काय? मी म्हटलं, आमची शेती त्याचीच. त्या जरा हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्ही योग्य ठिकाणी चालला आहात. पामुक म्हणजे कापूस, काले म्हणजे किल्ला. मी हे अक्कांना सांगितलं.

"कापसाचा किल्ला," अक्का म्हणाल्या आणि दोनदा तेच पुटपुटल्या. विमानतळापासून त्यांना एकही नाव धड उच्चारता आलं नव्हतं. हे मात्र लगेच बसलं.

आत शिरल्यावर फाटकापासून बॅटरीच्या गाडीने आम्ही वर गेलो. वाटेत दोन्हीकडे मोठमोठे कोरीव दगड विखुरलेले होते. ते परतताना पाहू, असं गाईडबाईंनी सांगितलं. मग गाडी थांबली, आम्ही थोडं चाललो आणि समोरचा डोंगर पांढरा झाला.

फोटोत मी तो पाहिला होता. पण फोटोत उतार दिसतो, पाणी चालताना दिसत नाही. उतारावर एकाखाली एक वाफे, शेतात बांध घालावेत तसे, फक्त बांध पांढरे आणि वाफ्यांत निळसर पाणी. वरच्या वाफ्यातून खालच्यात ते अलगद उतरत होतं. बाजारात ऐन हंगामात जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग पडतात, तेवढंच पांढरं मी आजवर पाहिलं होतं. गाईडबाई सांगत होत्या की जमिनीतून गरम पाणी येतं, त्यातला चुना साचत जातो आणि असे टप्पे होतात. मी अक्कांना म्हटलं, आपल्या बोअरच्या पाण्याने हंड्याला थर धरतो ना, तसं.

"एवढ्याला किती दिवस लागले असतील," त्या म्हणाल्या. "हंडा घासाया तर कोणीच आलं न्हाई."

पुढे जायचं तर पायताण काढावं लागतं, तसा नियमच आहे. लोक बूट हातात घेऊन चालले होते. अक्का मात्र थबकल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मोज्यांकडे हात नेला आणि परत घेतला. मला कळेना. मग त्या हळूच म्हणाल्या, "लोकायच्या पुढं हे पाय काढू?"

त्यांच्या टाचांना भेगा आहेत, आत काळी माती बसलेली, ती कशानेच निघत नाही. आजूबाजूला रंगवलेल्या नखांचे पाय. तेवढ्यात गाईडबाई खाली बसल्या आणि त्यांनी आपले बूट काढले. त्यांच्या एका पावलावरून घोट्यापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता, कातडी आवळून चकाकत होती. त्यांनी तो लपवला नाही. अक्कांनी तो पाहिला. मग त्यांनी मोजे काढले आणि नीट घडी करून बुटात ठेवले.

तो दगड मऊ नाही. त्यावर बारीक लाटांसारख्या कडा आहेत, त्या तळव्याला टोचतात. मी आई गं, आई गं करत चालले. अक्का बांधावरून चालल्यासारख्या चालल्या. पाणी कोमट होतं, सकाळी अंगणात उन्हात ठेवलेल्या बादलीसारखं. एका वाफ्यात घोट्याच्या वर पाणी होतं आणि तळाशी मऊ पांढरा गाळ. अक्का त्यात उभ्या राहिल्या, लुगडं थोडं वर खोचून, आणि बोटं गाळात रुतवत राहिल्या. पुढच्या वाफ्याकडे उतरताना जागा निसरडी होती. गाईडबाईंनी हाताने दाखवलं, इथे पाय ठेवा. अक्का मान हलवून म्हणाल्या, "बराबर, बराबर." त्याबरोबर गाईडबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. मग उतार संपेपर्यंत दोघी हात धरूनच चालल्या.

नंतर उलगडा झाला. त्यांच्या भाषेत त्याच शब्दाचा अर्थ सोबत, एकत्र. अक्का म्हणत होत्या, कळलं. गाईडबाईंनी ऐकलं, सोबत चला. मी हा घोटाळा समजावला तेव्हा दोघीही हसल्या आणि तेव्हापासून गाईडबाईंचं पाठ केलेलं बोलणं थांबलं. मग त्या हवा म्हणत, आम्ही मान डोलवत असू. त्या दुनिया म्हणत, आम्हाला कळे. दुकान, चहा, साखर, मैदान, थोड्याफार फरकाने सगळं ओळखीचं. बराबरसारखे कितीतरी शब्द निजामाच्या काळापासून आमच्या बोलीत राहिलेले. शाळेत मी पोरांच्या वहीत ते खोडून शुद्ध शब्द लिहीत असे.

वरच्या बाजूला एक तलाव आहे, त्यात पडझड झालेले खांब तसेच बुडालेले आणि लोक त्यांच्यावर बसून पोहतात. आम्ही काठावर बसून पाहिलं. त्याच्या मागे चढावर जुनं नाट्यगृह, अर्धगोलात दगडी पायऱ्या. अक्का वरच्या दारातून आत आल्या आणि सगळ्यात वरच्या रांगेत टेकल्या. खाली उतरायला तयार होईनात. गाईडबाई म्हणाल्या, जुन्या काळी बायकांना बहुधा वरच बसवत. मी सांगितलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "मग तर बरंच. हितून सगळं गाव दिसतं."

दुपार झाली. परत निघालो ते पायी, जुन्या रस्त्याने. दोन्ही बाजूंना सकाळी पाहिलेले ते दगड. गाईडबाई एका कमानीजवळ थांबून मला काही दाखवत होत्या. अक्का मागून सावकाश येत होत्या. मी वळून पाहिलं तर रस्ता रिकामा.

आधी वाटलं, आडोशाला गेल्या असतील. थांबलो. आल्या नाहीत. हाक मारली. दगडांच्या त्या पसाऱ्यात आवाज कुठल्या कुठे जात होता. अक्कांजवळ फोन नव्हता, भाषा नव्हती, पासपोर्ट माझ्या पर्समध्ये. गाईडबाईंचा चेहरा उतरला. त्या रस्त्याच्या एका बाजूने धावल्या, मी दुसऱ्या. माझ्या डोक्यात एकच होतं, लेकीला काय सांगू, तिची माय हरवली म्हणून?

गाईडबाईंनाच त्या सापडल्या. त्यांनी मला हाक मारली आणि ओठांवर बोट ठेवलं. एका मोठ्या दगडी पेटीच्या सावलीत, गवतावर, बूट उशाला घेऊन अक्का गाढ झोपल्या होत्या. पदर तोंडावर. श्वास संथ चाललेला. मी खाली बसले. राग आला होता, पण त्यांना हलवावंसं वाटत नव्हतं. गाईडबाई पण बसल्या. अशा आम्ही दोघी त्यांच्या उठण्याची वाट पाहत राहिलो.

अक्का उठल्या आणि आम्हाला पाहून ओशाळल्या. "सावली होती, पाठ टेकली. डोळा कसा लागला कळलंच न्हाई."

गाईडबाईंनी मला सांगितलं आणि मी त्यांना सांगितलं की हा सगळा भाग स्मशानाचा आहे. दुरून दुरून लोक गरम पाण्याने बरं व्हायला इथे येत. जे बरे होत नसत ते इथेच राहत. तुम्ही ज्याला टेकून झोपलात ती कबर आहे.

अक्कांनी वळून त्या दगडाकडे पाहिलं. झाकण सरकलेलं, आत पाचोळा. "असू दे," त्या म्हणाल्या. "तो बी निजलेलाच हाय."

गाईडबाई पाणी आणायला गेल्या. तेव्हा आम्ही दोघीच होतो. एका घरात इतकी वर्षं काढली, पण आम्ही दोघीच अशा, हाताला काम नसलेल्या, कधी बसल्याचं मला आठवत नाही. मी सुट्टीच्या दिवशी यायची तेव्हा घर भरलेलं असायचं. अक्का गवताची काडी मोडत म्हणाल्या, "दोन वर्सं झाली, अशी झोप लागली न्हाई."

भाऊजी शेवटचे काही महिने अंथरुणावर होते, हे मला माहीत होतंच. रात्री ते पाण्यासाठी हाक मारत. आवाज फार खोल गेला होता, म्हणून अक्का एका कुशीवर, एक कान उघडा ठेवून निजत. ते गेले तरी तो कान मिटला नाही. कुठे भांडं हललं, कुत्रं चाललं, तरी त्या उठून बसत आणि मग आठवे की आता कुणी हाक मारायचं नाही. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात, असं त्यांना वाटे.

"हितं कोणी हाक मारणार न्हाई, हे कानाला कसं कळलं कोण जाणे," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला. भाऊजींच्या आजारपणात मी रजा काढून आले होते, डॉक्टर, औषधं, गाडी सगळं पाहिलं होतं. रात्री अक्का कशा निजतात, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तसं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुला कसं कळंल? मी पांघरूण घेऊन निजायची." आणि उठून लुगडं झटकू लागल्या. गाईडबाई पाणी घेऊन येत होत्या.

जेवणाची सोय एका हॉटेलात होती. गाडीत बसल्यावर गाईडबाईंनी कुणाला तरी फोन लावला, बराच वेळ बोलल्या आणि मग आम्हाला विचारलं, हॉटेलाऐवजी माझ्या आईकडे जेवाल का? तिचं गाव वाटेतच आहे, आणि तिच्या घरामागे कापूस आहे.

गाईडबाईंची आई आमची वाटच पाहत होती. ठेंगणी, गोल, फुलाफुलांची सैल सलवार, डोक्याला पांढरा रुमाल. अक्कांनी हात जोडले, तिने त्यांचे दोन्ही खांदे धरून गालाला गाल लावला. अक्का आधी ताठरल्या, मग त्यांनीही दुसरा गाल पुढे केला. अंगणात द्राक्षाच्या वेलाखाली चूल होती, चुलीवर उपडा तवा. ती लांब बारीक लाटण्याने पातळ पोळ्या लाटायची, पालेभाजी आणि पनीर घालून दुमडायची आणि भाजायची. अक्कांनी पिशवीतून धपाट्यांचा डबा आणि जवसाची चटणी काढली. त्या आईने चटणी चमचाभर घेतली. डोळ्यांतून पाणी आलं. पाणी पिऊन तिने आणखी मागितली.

मग सगळ्या रानात गेलो. बाकीच्या रानांत यंत्र येतं, पण घरामागचा हा तुकडा ती हातानेच वेचते, असं गाईडबाई म्हणाल्या. तिने कमरेला पोतं बांधलं. अक्कांनी पदराची झोळी करून खोचली. दोघी शेजारच्या ओळींत शिरल्या. मीही शिरले, बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडली, पण सरकी हाताला लागली की लहानपणचं सगळं आठवतं, म्हणून वेचत राहिले. दोघी म्हाताऱ्या आपापल्या भाषेत बोलत होत्या. अक्का म्हणाल्या, "यंदा पाऊस लांबला का तुमच्याकडं?" तिने काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. अक्का म्हणाल्या, "आमच्याकडं बी तसंच." गाईडबाईंनी मला हळूच सांगितलं की आई तिच्या गुडघ्यांबद्दल बोलत होती. आम्ही त्यांना सांगितलं नाही.

निघताना तिने रिकामा डबा परत दिला नाही. वाळलेल्या अंजिरांनी गच्च भरला. अक्का मागे सरकल्या, "तकलीफ नको, तकलीफ नको." गाईडबाई थांबल्या आणि म्हणाल्या, हा शब्द आमच्याकडे देऊ करणं या अर्थाचा आहे, नको म्हणायचं कारणच नाही. अक्कांनी डबा घेतला.

संध्याकाळी लेक दारातच उभी होती, दिवसभर तिचं कामात लक्ष नव्हतं. मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली, पण अक्कांनीच बोलणं हातात घेतलं. हरवल्याचं त्यांनी सांगितलंच नाही. मीही नाही सांगितलं.

परत आल्यावर आठवडाभर बायका येत होत्या. अक्का अंजिराचा एकेक तुकडा हातावर ठेवत आणि पांढऱ्या डोंगराचं सांगत. कुणीतरी विचारलं, असं गरम पाणी आपल्याकडे कुठे असतं का? मी म्हटलं, उनकेश्वरला आहे की, किनवटच्या तिकडे, कुंडच आहेत. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या.

"हे इतके दिवस सांगितलं काहून न्हाई?"

संक्रांत झाल्यावर त्यांनीच उनकेश्वरला जायला जीप ठरवली. गल्लीतल्या बायका, तांड्यावरची त्यांची एक जुनी वेचणीची सोबतीण आणि मी. वारंगा फाट्याला चहाला थांबलो. तांड्यावरची बाई घाबरली होती, गरम पाण्याने पाय भाजेल का म्हणून विचारत होती. अक्का तिच्या शेजारी बाकड्यावर बसल्या, बशीत चहा ओतून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आधी बोटं घालायची, मग टाच. घाई करायची न्हाई." मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, चला म्हणाल्या, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.